एका पलंगावर दोन गाद्या

मालक कुशीवर वळले की इकडं मी उडतो. खोटं नाही सांगत, त्यांची बाजू खाली जाते आणि माझी वर येते, लहानपणी बागेत सीसॉवर बसायचो ना, अगदी तस्सं. (आणि हो, 'उडतो'च. आम्ही कोल्हापूरच्या बायका आलो, गेलो, करतो असंच बोलतो. पुण्यात दिलेली नणंद आता आले-गेले करते, पण भांडण लागलं की तिचं पण 'मी सांगतो तुला' सुरू होतंय.)

तर विषय गादीचा. नऊ वर्षांपूर्वी लग्नात माहेरनं दिलेली, सहा बाय साडेसहाची, सहा इंची फोमची. नवीन होती तेव्हा बरी होती, किंवा तेव्हा आमची वयं बरी होती. आता मालकांचं वजन ९४ आणि माझं ५६. मालक कॉलेज संपेपर्यंत तालमीत जायचे, पुढं शिरोली एमआयडीसीत नोकरी लागली, तालीम सुटली पण खुराक काय सुटला नाही. त्यामुळं त्यांच्या बाजूला पलंगावर एक खड्डा, आणि रात्री कधीतरी मी आणि पोरगं दोघं घरंगळत त्या खड्ड्यात. पोरगं पाच वर्षांचं, अजून मधेच झोपतंय, आणि हे लक्षात ठेवा कारण पुढं सगळा घोळ तिथंच झालाय. गादीच्या जाहिरातीत नवरा-बायको दोघंच असतात, पांढऱ्या चादरीवर, हसत. आपल्याकडं जोडप्याची गादी म्हणजे तिघांची गादी.

खड्डा पडलाय म्हणून मी दोन वर्षं ओरडतोय आणि मालक म्हणायचे तुझं आपलं काहीतरीच असतंय. शेवटी एका रविवारी चादर काढली, पलंगाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सुतळी ताणली, एक टोक त्यांच्या हातात एक माझ्या, आणि पोराला मधे पट्टी उभी धरायला लावली. माझ्या बाजूला दीड सेंटिमीटर. मधे जवळजवळ काहीच नाही. मालकांच्या बाजूला साडेचार. मालक गप्प, पोरगं खूश, परत परत मोजत होतं.

मग वॉरंटीचं कार्ड शोधलं. ते देवघराच्या खालच्या कप्प्यात जुन्या लाईट बिलांच्या गठ्ठ्यात सापडलं, पाच वर्षांची वॉरंटी, म्हणजे संपून चार वर्षं झालेली. पण बारीक अक्षरातलं वाचल्यावर कळलं की संपली नसती तरी फार काय हाती लागलं नसतं. वॉरंटीत साधारण असं असतंय की वर कोण झोपलेलं नसताना पण ठरावीक मापाचा, बहुतेक ठिकाणी इंचभर किंवा जास्त, कायमचा खड्डा दिसला पाहिजे. गादी नुसती मऊ पडली, पाठ धरती, झोप येत नाही, हे त्यांच्याकडं तक्रार म्हणून चालत नाही. आणि गादीवर डाग असला की विषयच संपला. आता जे पोरगं याच गादीवर रांगलंय, त्या घरातली गादी बिनडागाची असंल का तुम्हीच सांगा. म्हणून नवीन घेणारे असाल तर पहिल्या रात्रीपासून वॉटरप्रूफ प्रोटेक्टर, आणि बिल-कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये. देवघरात नाही.

मालकांचं म्हणणं एकच, पाठीला कडक पाहिजे, आमच्या तालमीत पोरं मातीवर झोपायची कुणाला पाठदुखी नव्हती. मी म्हटलं अहो, तेव्हा तुम्ही अठरा वर्षांचे होता. तरी दोन आठवडे घोंगडं टाकून फरशीवर झोपून बघितलं त्यांनी. सकाळी उठताना भिंतीला धरून उठायला लागले, चौदाव्या दिवशी घोंगडं घडी करून माळ्यावर. शेवटी हाडांच्या डॉक्टरांकडं गेलो तर ते म्हणाले कडक म्हणजे चांगलं हा जुना समज आहे, स्पेनमध्ये २००३ साली याच्यावर अभ्यास झालाय, 'लॅन्सेट'मध्ये आलाय. घरी येऊन मी शोधला. जुनी कंबरदुखी असलेली ३१३ माणसं घेतली, काहींना कडक गादी दिली, काहींना मध्यम कडक, कुणाला कुठली ते सांगितलं नाही, आणि ९० दिवसांनी मध्यम कडकवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालेलं. मालकांना वाचून दाखवलं तर म्हणाले स्पेनची माणसं वेगळी. असूदे.

पण मध्यम म्हणजे किती, हा खरा प्रश्न. आणि कुणासाठी मध्यम? ९४ किलोला जी मध्यम वाटती ती ५६ किलोला दगड वाटती, कारण माझ्या वजनानं ती दबतच नाही. त्यात मालक उताणे झोपतात आणि मी कुशीवर. कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा आणि कंबर गादीत थोडी रुतायला पाहिजे नाहीतर सकाळी खांदा बधिर. उताणं झोपणाऱ्याची कंबर खाली जाऊन चालत नाही. म्हणजे आमच्या दोघांची मागणी बरोब्बर उलटी. 'कपलसाठी बेस्ट मॅट्रेस' म्हणून जे जे वाचलं त्यात मधला मार्ग काढा, दोघांनी थोडं थोडं जुळवून घ्या असंच होतं. नऊ वर्षं तेच चाललंय म्हटलं, झोपेत तरी नको.

दुकानं फिरायला लागायच्या आधी एक प्रकार केला तो सांगतो, कारण त्यात डोळे उघडले. जुनी गादी घेताना दुकानदारानं ३२ डेन्सिटीची म्हणून सांगितलेलं, बिलावर पण तसंच. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो, बस्स एवढंच, त्याचा कडक-मऊशी संबंध नाही. मऊ फोम जास्त डेन्सिटीचा पण असतो आणि कडक फोम कमी डेन्सिटीचा पण मिळतो. डेन्सिटीवरनं कळतं ते फोम किती वर्षं टिकंल हे. तर मला वाटलं आपण वजनच करूया. मालक वजनकाट्यावर उभे राहिले, ९४. मग गादीची गुंडाळी करून दोरीनं बांधून डोक्यावर घेतली आणि परत उभे राहिले, एका हातानं दाराची चौकट धरायची नाही म्हणून मी ओरडतोय, पोरगं टाळ्या वाजवतंय, शेजारच्या काकू दारात येऊन बघताय्त. १०९ च्या थोडं वर. म्हणजे गादी साडेपंधरा किलोची. सहा बाय साडेसहा फूट आणि सहा इंच जाडी याचा हिशोब केला तर साधारण ०.५५ घनमीटर होतंय. ३२ डेन्सिटी असती तर नुसता फोमच साडेसतरा किलोच्या वर भरायला पाहिजे होता. साडेपंधराला भागलं तर २८, आणि त्याच्यातनं वरच्या शिवलेल्या कापडाचं किलो-दीड किलो काढलं तर २५-२६. खड्डा कुठनं आला ते कळलं.

तेव्हापासनं मी दुकानात पहिला प्रश्न वजनाचा विचारतो. ४० डेन्सिटी म्हणताय, मग या मापाची सहा इंची पूर्ण फोमची गादी २२ किलो तरी भरायला पाहिजे, काट्यावर टाका. एका दुकानात दुकानदार हसला, म्हणाला वैनी गादी घ्यायला आलाय का कांदे. दुसऱ्या दुकानातल्या माणसानं मात्र खरंच मागच्या गोडाऊनमधनं काटा आणला, आणि शेवटी आम्ही तिथनंच घेतली. (एवढं ध्यानात ठेवा की हा हिशोब पूर्ण फोमच्या गादीला. खाली रिबाँडेड असंल तर वजन दुप्पट-तिप्पट होतंय, कारण रिबाँडेड म्हणजे फोमचे तुकडे गोंदानं दाबून केलेला ठोकळा, तो शंभर डेन्सिटीचा पण असतो. जड आणि कडक. वर चांगला थर असंल तर खालच्या पायाला तो उत्तम, नुसत्याच्यावर झोपायचं म्हणजे मालकांची तालीम.)

राजारामपुरीतलं पहिलं दुकान. रविवार, मिसळ खाऊन गेलो होतो, तिथंच चूक झाली, मिसळ आणि गादी एका दिवशी करू नये. आणि दुसरी अडचण, जी कुठल्याच लेखात कुणी लिहीत नाही: दुकानात नवरा-बायकोनं शेजारी शेजारी आडवं व्हायचं म्हणजे लाज वाटती हो. पुढं पूर्ण काच, बाहेर रस्ता, रस्त्यावर अख्खं कोल्हापूर. मी नुसती कडेवर बसून हातानं दाबून बघत होतो. दाबून काय कळतंय, हातानं दाबलं की सगळ्याच गाद्या चांगल्या. मालक बिनधास्त, चप्पल काढली आणि आडवे, दोन मिनिटांत घोरायला लागले. शेवटी मी पण पदर सावरून शेजारी आडवी झालो तर नेमकं बाहेरनं मालकांच्या कंपनीतलं एकजण आत डोकावून, काय वैनी, आज मुक्काम इथंच काय? मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण एकदा अब्रू गेली म्हटल्यावर मग पुढच्या चार दुकानांत पंधरा पंधरा मिनिटं झोपलो दोघंही, आपापल्या बाजूला, आपापल्या सवयीनं, आणि एकानं वळायचं दुसऱ्यानं डोळे मिटून बघायचं किती हलतंय. लाज सोडा आणि हे कराच, दोन मिनिटांत सगळ्याच मऊ गाद्या स्वर्ग वाटतात, खांदा आठव्या-दहाव्या मिनिटाला बोलायला लागतो.

आणखी एक सोपं. उताणं झोपा आणि कमरेच्या खाली हात सरकवा. हात आरपार सहज फिरत असंल तर गादी तुम्हाला कडक, हात घालताच येत नसंल तर मऊ, जरा घासत गेला तर जमलं. मालकांचं मी बघितलं, माझं मालकांनी. कुशीवर झोपलं की मागनं बघायचं मणका सरळ रेषेत आहे का कंबर लोंबतीय.

आता प्रकार. दुकानदार एका दमात सतरा नावं घेतो, त्यातलं अर्धं कापडाचं नाव असतंय. 'ऑर्थो' तर सगळ्याच्याच पुढं लावलेलं, ऑर्थो म्हणजे नक्की काय विचारलं तर एका दुकानात म्हणाले कडक, दुसऱ्यात म्हणाले खाली रिबाँडेड, तिसऱ्यात म्हणाले डॉक्टर सांगतात ते. लेबल सोडा, आत काय काय थर आहेत आणि प्रत्येकाची जाडी किती ते विचारा, बऱ्याच दुकानात कापलेला नमुना ठेवलेला असतो, तो हातात घेऊन बघा.

मेमरी फोमवर मालक फिदा झाले होते. नासासाठी १९६६ साली विमानाच्या सीटसाठी शोधलेलं मटेरियल, असं सेल्समननं सांगितलं, आणि ते खरं आहे. हाताचा पंजा दाबला की ठसा राहतो आणि हळूहळू भरून येतो, पोरगं तर तिथनं हलेना. अंगाच्या उष्णतेनं ते मऊ होतं, म्हणून अंगाचा आकार घेतं. पण तोच त्याचा दोष पण, उष्णता धरून ठेवतं. आणि दुकानात एसी असतो, आमच्याकडं नाही. एसीत जे कडकडीत लागतं ते मे महिन्यात आमच्या स्लॅबच्या खोलीत किती मऊ आणि किती गरम होईल याचा अंदाज घ्या. शिवाय त्यात वळायला कष्ट लागतात, म्हैस पंचगंगेच्या चिखलात बसल्यासारखं. शेजारच्याचा धक्का मात्र अजिबात लागत नाही, हे मान्य.

स्प्रिंगमध्ये दोन. बॉनेल म्हणजे सगळ्या स्प्रिंगा एकमेकींना तारेनं बांधलेल्या, स्वस्त, पण एकजण वळला की तार सगळीकडं बातमी पोचवती. पॉकेट म्हणजे प्रत्येक स्प्रिंग आपल्या कापडी पिशवीत, आपापली दबणार. काटा आणणाऱ्या त्या दुकानदारानं पाण्याचा ग्लास ठेवून दाखवलं. बॉनेलवर अर्धा ग्लास पाणी ठेवलं, मालक पलीकडं बसले, ग्लास आडवा, पाणी प्लॅस्टिकवर. पॉकेटवर ठेवलं, मालक बसले, पाणी नुसतं थरथरलं. मालकांच्या वजनाचा असा उपयोग पहिल्यांदाच झाला. लॅटेक्स, म्हणजे रबराच्या चिकापासनं केलेली गादी, झोपायला सगळ्यात छान वाटली, दाबली की लगेच वर येती, हवा पण खेळती. किंमत विचारली आणि उठलो.

काथ्या राहिला. आत्यांची (सासूबाईंना इकडं आत्याच म्हणतात) गादी काथ्याची. नारळाच्या शेंड्यांचा काथ्या रबराच्या चिकात भिजवून दाबलेला, कडक, हवेशीर, आणि अजून परवडणारा. आत्यांना तीच पाहिजे, उठायला बसायला बरी पडती. पण वर्षं झाली की मधला काथ्या मोडतो आणि खाली पिवळसर भुगा पडायला लागतो, आत्यांच्या पलंगाखाली झाडू मारताना मी रोज थोडी थोडी गादी सुपलीत भरतो.

ओलीचं बोलल्याशिवाय कोल्हापुरात गादीचं बोलताच येत नाही. माझं माहेर शाहूपुरी कुंभार गल्ली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, ४३ ला धोक्याची पातळी असते, म्हणजे बघा. आईच्या घरात पाणी खिडकीपर्यंत होतं. पाणी उतरल्यावर साफ करायला गेलो तर कापसाची डबल गादी चौघांना उचलंना, प्रत्येक पावलाला त्याच्यातनं गढूळ पाणी गळतंय. गल्लीच्या तोंडाला गाद्यांचा ढीग, कुणाची कापसाची, कुणाची फोमची, कुणाच्या लग्नातली, सगळ्या एकाच रंगाच्या झालेल्या. फोमची वाळती असं वाटतं लोकांना, वरनं वाळती, आतली ओल आणि वास जात नाही. त्याच्यानंतर आईकडं जमिनीवरचा बॉक्स पलंग नाही, लोखंडी खाट आणि गुंडाळून माडीवर टाकता येईल अशी पातळ गादी, जून लागला की दोरी तयार ठेवलेली असती.

आमच्याकडं पूर येत नाही पण ओल येती. जुनी गादी उचलली तेव्हा खाली प्लायवर काळ्या ठिपक्यांची रांगोळी. बॉक्स पलंग, खाली पाहुण्यांच्या रजया आणि लग्नातली पातेली ठासून भरलेली, प्लाय एकसंध, हवा जायला जागाच नाही. माणसाच्या अंगातनं रात्रभर दमटपणा खाली उतरतो, तो जाणार कुठं, त्यात जून ते सप्टेंबर आपल्याकडं चादर पण वाळत नाही. ज्या सुतारमामांनी पलंग केला त्यांनाच बोलावलं, त्यांनी ड्रिलनं एक एक इंचाची भोकं पाडली, वीतभर अंतरावर. मामा म्हणाले हे आधीच करायला पाहिजे होतं. मी म्हटलं मामा, पलंग तुम्हीच केलाय. हसले नुसते. काही गाद्यांच्या वॉरंटीत खालचा आधार कसा पाहिजे ते पण लिहिलेलं असतंय, फळ्यांमधलं अंतर वगैरे, ते वाचा.

मामा आलेच होते तर माप पण घेतलं, आणि बरं झालं घेतलं. आम्ही सगळ्यांना सांगतोय सहा बाय साडेसहा, म्हणजे ७२ बाय ७८ इंच. ते बाहेरचं माप. आतलं, जिथं गादी बसणार, ते साडेएकाहत्तर बाय पावणेअठ्ठ्याहत्तर निघालं. रेडिमेड ७२ ची आणली असती तर कडेनं उचलून बसली असती आणि मधे फुगली असती. सुतारानं केलेला पलंग असंल तर आतनं, दोन्ही टोकांना आणि मधे, तीन ठिकाणी टेप लावा. आणि ऑनलाईन शंभर रात्रींची ट्रायल असती ना, ती आपल्या मापानं कापून घेतलेल्या गादीला बऱ्याचदा लागू नसती, आणि परत न्यायला गाडी आपल्या पिनकोडला येती का ते आधी विचारायचं. व्हॅक्यूम पॅकमधनं एकदा फुगलेली गादी परत पिशवीत घालून दाखवा मला.

तर निर्णय. काटावाल्या दुकानदाराला मी म्हटलं, भाऊ, एका पलंगावर दोन सिंगल गाद्या टाकल्या तर? त्यांना कडक, मला मऊ. तो म्हणाला हॉटेलात करतात तसं वैनी, पण घरात कोण करत नाही. का करत नाही? तो म्हणाला, बरं नाही दिसत. मालकांनी मात्र त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या बाजूनं बोललं, म्हणाले करूया, निदान ही रोज सकाळी मला खड्डा खड्डा म्हणणार नाही.

प्रत्येकी साडेपस्तीस इंच रुंद, दोन्ही आठ इंच जाड, जाडी सारखीच पाहिजे नाहीतर मधे पायरी होती. त्यांची खाली रिबाँडेड आणि वर ४० डेन्सिटीचा एचआर (दाबला की पटकन वर येणारा) फोम, माझी पॉकेट स्प्रिंग आणि वर मऊ थर. सहा इंच आम्ही मुद्दाम नाही घेतली, नव्वदच्या पुढच्या माणसाला सहा इंचात पाठ खालच्या फळीला जाऊन भिडू शकती. दोन सिंगल मिळून एका डबलपेक्षा साधारण अडीच हजार जास्त गेले, पण त्यांची बसली तर त्यांचीच बदलायची, आणि तीन महिन्यांनी उशाची बाजू पायथ्याला फिरवायची तर एकटी बाई फिरवू शकती. आताच्या बऱ्याच गाद्या उलट्या करायच्या नसतात, थर एकाच बाजूला असतात, नुसत्या फिरवायच्या.

गाद्या घरी आल्या आणि आत्या दारातच थांबल्या. अगं, हे काय? दोन? मी सगळं समजावलं, वजन, स्प्रिंग, स्पेन. आत्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ते सगळं खरं असंल, पण नवरा-बायकोच्या मधी फट नको गं. मालक म्हणाले आई, फट कसली, अर्धा इंच पण नाही. आत्या म्हणाल्या अर्ध्या इंचानंच सुरू होती. मी मनात हसलो. आणि त्याच रात्री दोन वाजता पोरगं रडत उठलं, मधे झोपलेलं, वळता वळता फटीत पाय अडकलेला, दोन्ही गाद्यांच्या कडा दबून मधे चांगली खिंड झालेली. म्हणजे आत्याच बरोबर, कारण वेगळं.

दोन दिवस मधे रजई घडी करून कोंबली, मग ती गोळा व्हायची. टॉपर बघितला, दुकानात मिळतो तो पातळ फोमचा, पण परत गरम, परत खर्च. तेव्हा आत्याच म्हणाल्या, माझी लग्नातली कापसाची गादी माळ्यावर पडलीय, पिंजून आण आणि वर टाक. त्या गादीचे इतक्या वर्षांत गोळे गोळे झालेले, झोपलं तर दगडधोंड्यावर झोपल्यासारखं, पण कापूस जुना, लांब धाग्याचा.

गादी कारखाने आता कमी राहिलेत, पण आहेत. पिंजारी काकांनी खोळ उसवली, काळपट गोळे बाहेर काढले, वास घेतला, म्हणाले कापूस जिवंत आहे अजून. किती किलोची करायची वैनी? मी म्हटलं पातळ पाहिजे, दोन बोटं जाडीची. म्हणाले मग आठ किलो, सहा तुमचा निघंल, दोन नवा घालतो. कापूस पिंजायची धुनकी आता नाही, मशीन आहे, त्यात एका बाजूनं गोळे टाकले की दुसऱ्या बाजूनं साय आल्यासारखा कापूस येतो, अख्ख्या दुकानात पांढरं धुकं, काकांच्या भुवया पांढऱ्या, माझे केस पांढरे. नवीन खोळ उलटी पसरून तिच्यावर कापूस सारखा अंथरला, काठीनं झोडून बसवला, आणि मग एका टोकापासनं सगळं गुंडाळत नेलं आणि शेवटी तोंडातनं उलटं काढलं तर गादी सुलट, भरलेली, कापूस एका बाजूला पण सरकला नाही. मी तीनदा बघितलं तरी कळलं नाही कसं होतं ते. मग दाभण घेऊन ओळीनं टाके. मी चार कोपऱ्यांना नाड्या लावून घेतल्या, त्या पलंगाच्या पायांना बांधतो, म्हणजे वरची गादी सरकत नाही आणि खालच्या दोघी पण तिच्यामुळं जागेवर राहतात.

आता तीन महिने झाले. कापूस मेमरी फोमइतका गरम होत नाही, घाम आला तर त्याच्यात मुरतो, आणि महिन्यातनं एकदा नाड्या सोडून गच्चीवर उन्हात टाकली की परत टम्म. पावसाळ्यात काय करायचं ते पावसाळ्यात बघू, बहुतेक जून ते सप्टेंबर गुंडाळून ठेवायला लागंल आणि पोराला फटीची सवय. पलंगाची उंची वाढलीय, पोराचे पाय जमिनीला लागत नाहीत, आत्या आमच्या खोलीत गप्पा मारायला आल्या की आता खुर्ची घेऊन बसतात. इलॅस्टिकच्या बेडशीट सगळ्या आखूड झाल्या, त्या नणंदेला दिल्या. मालकांची पाठ सकाळी धरत नाही पण ते कबूल करत नाहीत, म्हणतात चालायला लागलोय रंकाळ्यावर त्यानं असंल. आठवड्यातनं दोनदा जातात.

आणि ते वळले तरी मी आता उडत नाही. फक्त एक झालं. पूर्वी घोरायला लागले की मी माझ्या बाजूनं गादीला गुडघ्यानं एक धक्का द्यायचो, धक्का पलीकडं पोचायचा, मालक कुशीवर वळायचे, घोरणं बंद. आता कितीही धक्के द्या, पोचतच नाहीत. पोराच्या वरनं हात लांब करून दंडाला हलवायला लागतंय.